वाकविलेल्या लाकडाची मुदत

मार्गशीर्ष वद्यात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, आणि माघ वद्य चतुर्दशीस, म्हणजे महाशिवरात्रीस, लातुरात सिद्धेश्वराची. या दोन्ही यात्रांत देवदर्शनाच्या जोडीने जनावरांचे आणि शेतमालाचे प्रदर्शन भरविण्याचा शिरस्ता असल्यामुळे नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्यास प्रदर्शन ही वस्तू मुळीच अपरिचित नाही. भोपळा किती वजनाचा, बैलाचे वशिंड किती डौलदार, हे तो एका दृष्टिक्षेपात जोखतो. अलीकडे मात्र शहरांतील निरनिराळ्या प्रदर्शनांत गुंठाभर जागेत एक नमुना-बाग उभारण्याची प्रथा रूढ होत चालली आहे, आणि त्या बागेत आणखी काही असो वा नसो, लाकडाची गोलाकार कमान व तिच्यामागे एखादा घुमटाकृती लतामंडप असलाच पाहिजे, असा आयोजकांचा आग्रह असतो. आग्रह गैर नाही. सरळ खांबांच्या मांडवाखालून मनुष्य नुसता जातो; कमानीखालून जाताना त्याची मान आपोआप वर होते, आणि बाग लावणाऱ्यास याहून अधिक काय हवे असते? गैर आहे ती मुदत. प्रदर्शनाची तारीख वर्षभर आधी सर्वांना ठाऊक असते, परंतु सुताराच्या हाती बयाणा पडतो तो प्रदर्शन दाराशी आल्यावर. आणि लाकूड ही अशी चीज आहे की तिला ना समितीचा ठराव कळतो, ना मंत्र्यांचा दौरा.

आमच्या भागातील लाकूडकामाची परंपरा मूलतः सरळ रेषेची आहे, हे येथे सांगून ठेविले पाहिजे. खांब, तुळया, त्यांवर कड्या व फळ्या आणि वर मातीचे जड माळवद, असे खणांत मोजले जाणारे घर औसा-निलंग्यापासून कंधारपर्यंत सर्वत्र होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती कोसळून हजारो माणसे दगावली तेव्हाही हा लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभाच राहिला होता. सरळ लाकडाचे सांधे आमच्या सुतारास उत्तम साधतात. वक्रता त्याने पाहिली ती गाडीच्या चाकात, पाळण्यात आणि नांगरात, आणि तेथे तो जे करतो ते नीट न्याहाळले असते तर पुढील हकीकत सांगण्याची वेळ आली नसती. चाकाचा परीघ तो कधीही एका फळीतून कापून काढीत नाही. बाभळीचे लहान लहान वक्र तुकडे करून, प्रत्येकात आरे बसवून, तुकड्यास तुकडा जोडून, तापवून प्रसरण पावलेली लोखंडी धाव वर चढवितो आणि पाणी ओततो, म्हणजे धाव आकसून सारे सांधे आवळते. नांगरासाठी तर तो लाकूड वाकवीतच नाही. निसर्गतःच वाकडी वाढलेली बाभळीची फांदी शोधीत बांधाबांधाने हिंडतो. कोकणातील होड्यांच्या फासळ्यांसाठीही हीच रीत आहे. वक्र वस्तूत लाकडाचे तंतू वक्राच्या दिशेनेच धावले पाहिजेत, हा या साऱ्या खटाटोपाचा अर्थ.

आता हकीकत. स्थळ लातूर जिल्ह्यातील, कारागीर नांदेडचे, लाकूड किनवटच्या बाजूचे; नावे सांगून कोणाचा पाणउतारा करण्यात मला स्वारस्य नाही. बागकामात पुष्कळ वर्षे घालविली असल्यामुळे देखरेखीचे काम माझ्याकडे आले होते. सुमारे तीन मीटर रुंदीच्या कमानींची एक रांग आणि तिच्या अखेरीस गोल लतामंडप, असा आराखडा समितीने प्रदर्शनाच्या तोंडावर मंजूर केला. कागदावर तो फारच देखणा दिसत होता. मक्तेदाराने वखारीतून नुकतेच चिरलेले सागवान उचलले. लाकूड ओले आहे, या कामास ते योग्य नाही, असा अभिप्राय मी लेखी दिला. त्याची यथाविधी नोंद झाली, त्यावर 'पाहिले' असा शेरा पडला, आणि काम सुरू झाले.

कारागिरांनी प्रथम रुंद फळ्यांवर वर्तुळखंड आखून कमानीचे अर्धभाग करवतीने कापून काढले. ट्रकातून उतरविताना त्यांतील एक, कोठेही गाठ नसताना, मधोमध आडवा मोडला. मोडल्या जागी तंतू कमानीस तिरपे छेदून गेले होते. म्हणजे वरून जे अखंड सागवान दिसत होते ते त्या ठिकाणी केवळ बोटभर लांबीच्या तंतूंच्या आधारावर उभे होते. तेव्हा धोरण बदलले. दोन जाड पट्ट्या एकावर एक ठेवून, मध्ये सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद लावून, त्या जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांभोवती वाकविण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकंजे सोडले. शिकंजे सुटताच कमानी फाकल्या आणि त्यांचे पाय ठरल्या जागेपासून हातभर दूर गेले. ते दोराने ओढून, पहारीने घेतलेल्या उथळ खड्ड्यांत पुरण्यात आले. वर हिरवी जाळी ताणली, कुंड्या टांगल्या, हिरवळ ताजी दिसावी म्हणून टँकरचे पाणी दोन्ही वेळ सोडले. उद्घाटनाच्या आदल्या रात्री वारा सुटला. भिजून मऊ झालेल्या काळ्या मातीतून पाय सरकले, गोंदाचा थर सुटला, आणि एकीपाठोपाठ एक कमानी आडव्या झाल्या. रात्रीची वेळ म्हणून खाली कोणी नव्हते. उद्घाटन शेजारच्या कापडी मांडवात उरकले, आणि दुपारी समितीने रीतसर चौकशी करून निष्कर्ष काढला की वारा फार होता. वारा होता हे खरे. परंतु शेजारचा मांडव त्याच वाऱ्यात उभा होता.

अशा प्रसंगी कोणीतरी कार्ल्याच्या लेण्याचा दाखला देतोच, आणि याही वेळी तो दिला गेला. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतास सागवानी वक्र फासळ्या आहेत आणि त्या सुमारे २ हजार वर्षे टिकून आहेत, ही गोष्ट सत्य आहे. तथापि त्या फासळ्यांवर भार काहीच नाही. छत अखंड खडकाचे आहे, ते स्वतःचा भार स्वतः वाहते. फासळ्यांस ऊन लागत नाही, पावसाची सर लागत नाही, आणि त्यांवर कोणी कुंड्या टांगीत नाही. पुढे अजिंठ्याच्या १९ व २६ क्रमांकांच्या लेण्यांत शिल्पींनी त्याच फासळ्या दगडात कोरल्या, आणि लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर येथील त्रिविक्रमाच्या प्राचीन देवळात गजपृष्ठाकार छत विटांनी रचले गेले. लाकडाचे रूप त्या लोकांस प्रिय होते, पण उघड्यावर ते रूप टिकवावयाचे तर पदार्थ बदलावा लागतो, एवढा व्यवहार त्यांना समजत होता. नमुना-बागेच्या कमानीस मात्र भार, ऊन, दव आणि वारा हे सारेच सोसावयाचे असते.

लाकडास वक्रता देण्याचे मार्ग मोजकेच आहेत. वाफेने मऊ करून वाकविणे हा त्यांतील सर्वांत रम्य, आणि म्हणूनच नवशिक्यास सर्वांत मोहात पाडणारा. बंद पेटीत जाडीच्या दर इंचास सुमारे एक तास वाफ द्यावी, लाकूड बाहेर काढताच मिनिटभरात साच्यावर चढवावे; याहून उशीर झाला की ते पुन्हा ताठर होते. वाफाळलेले लाकूड आतील बाजूस पुष्कळ दबते, परंतु बाहेरील बाजूस शेकडा एक-दोन भागांपलीकडे ताणले जात नाही, यास्तव बाहेरून लोखंडी पट्टी लावून तिच्या दोन्ही टोकांस अडण्या ठेवाव्या लागतात. तसे न केल्यास बाहेरचे तंतू चिंधड्यांप्रमाणे सुटतात. ज्याची हॉकीची काठी होते ते तुतीचे लाकूड यास उत्तम, सागवान बेताचेच. आणखी एक पेच असा की, वाफेने वाकविण्यास शेकडा २० ते २५ ओलावा असलेले लाकूड हवे, तर गोंदाने जोडण्यास शेकडा १२ च्या आतले. एकच खरेदी दोन्ही कामांस चालत नाही, हे वखारीत जाण्यापूर्वीच ठरवावे.

आमच्या हवेत आणि आमच्या कारागिरांच्या हातात सर्वांत भरवशाचा मार्ग पातळ पट्ट्या गोंदाने जोडून कमान घडविण्याचा होय, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सुकी पट्टी न मोडता वाकावी म्हणून तिची जाडी त्रिज्येच्या सुमारे दीडशेव्या हिश्शाहून अधिक नसावी. तीन मीटर रुंदीच्या अर्धवर्तुळाकृती कमानीची त्रिज्या दीड मीटर, म्हणजे पट्टी फार तर १० मिलिमीटरची. ही जाडी पाहून मक्तेदार हसतो. त्यास हसू द्यावे. कारण पट्ट्यांची संख्या हीच येथे खरी किल्ली आहे. शिकंजे सोडल्यावर कमान किती फाकेल याचा ढोबळ हिशेब असा आहे की, दोन पट्ट्यांची कमान आपल्या वाकाचा चौथा हिस्सा गमावते, चार पट्ट्यांची सोळावा, आणि आठ पट्ट्यांची केवळ चौसष्टावा. दोन पट्ट्यांच्या त्या कमानींचे पाय हातभर दूर का गेले याचे उत्तर या एका वाक्यात आहे. त्यात सागवानाचा दोष नव्हता, कारागिराच्या ताकदीचाही नव्हता. आणि फाकलेली कमान दोराने ओढून बसविणे म्हणजे गोंदाच्या थरावर जन्मापासूनच एक कर्ज चढविणे. पहिल्या वाऱ्याने ते वसूल केले.

गोंदाची निवड हा दुसरा मुद्दा. घरातील कपाटास चालणारा पांढरा गोंद उघड्यावर चालेल असे समजू नये. तो सततच्या भारापुढे सावकाश सरकतो आणि ओलाव्यात मऊ पडतो. बाहेरच्या कामास फिनॉल-रिसॉर्सिनॉल, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सी या जातींचा गोंद घ्यावा आणि डब्यावरील सूचना मोठ्याने वाचून दाखवाव्यात, कारण कारागीर त्या वाचीत नाही व मुकादम वाचल्याचे सोंग करतो. सागवानात नैसर्गिक तेल असते. म्हणून पट्टीवर रंधा फिरविल्यावर त्याच दिवशी, जोडण्याचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून, लगेच गोंद लावावा. दुपारी आमच्याकडे गोंदावर पाहता पाहता साय धरते आणि शेवटची पट्टी बसेपर्यंत पहिलीवरचा गोंद निकामी झालेला असतो. हे काम पहाटे करावे. हिवाळ्यात मात्र उलट दक्षता हवी: रात्री थंडी पडल्यास शिकंज्यात असलेल्या कमानी छपराखाली झाकून ठेवाव्यात आणि किमान पुरा एक दिवस व एक रात्र त्यांस हात लावू नये. साचा जमिनीतील खुंट्यांचा नसावा. जाड प्लायवूडचा, पूर्ण वक्र असलेला असावा, आणि हाताएवढ्या अंतरात दोन तरी शिकंजे बसावेत. शिकंजे कमी पडतात म्हणून खिळे मारणाऱ्यास कामावरून परत पाठवावे.

जुन्या वाड्यांचे सागवान मिळाले तर पट्ट्यांसाठी त्यासारखे लाकूड नाही, कारण ते कित्येक दशके वाळलेले असते. मात्र करवतीस देण्यापूर्वी त्यातील खिळे चुंबकाने शोधावेत. नवे सागवान घेताना वनखात्याचा वाहतूक परवाना आणि वखारीची पावती या दोन्ही कागदांची रुजवात करून ते दप्तरी लावावेत. किनवटहून लातूरकडे येणाऱ्या वाटेवर नाक्यावरचा शिपाई कमानीचे सौंदर्य पाहत नाही, कागद पाहतो.

अवधी खरोखरच थोडा असेल तर सागवानाचा नाद सोडून बांबूकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला, तेव्हापासून शेतातला बांबू तोडण्या-नेण्याची कटकट पुष्कळ कमी झाली. आणि लातूर जिल्ह्यात तर औसा तालुक्यातील लोदगा येथे पाशा पटेल यांच्या पुढाकाराने बांबूची रोपे व बांबूच्या वस्तू यांचे काम उभे राहिले असल्यामुळे, माल आणि माहिती यांसाठी दूर जाण्याचे प्रयोजन उरलेले नाही. भरीव मानवेल कमानीस चांगला. चिरलेल्या कांबी एकत्र बांधून वाकविल्यास त्याहूनही सुबक वाक येतो. परंतु कोवळा बांबू घेऊ नये. तीन-चार वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला घ्यावा, कारण कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूत पिष्ट अधिक, आणि पिष्ट तेथे भुंगा. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात, पेरे आतून फोडून, तो आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवावा. हा क्षार पावसात धुपून जातो, म्हणून कायमच्या बागेत तो पुरेसा नाही. प्रदर्शनाच्या बागेस पुरतो.

पायाविषयी थोडक्यात सांगतो. कमान भार नुसता खाली देत नाही, आपले दोन्ही पाय बाहेर ढकलते, आणि तिची उंची निम्मी केली तर तोच भार असताना हा रेटा दुप्पट होतो. म्हणून ठेंगणी, पसरट कमान दिसावयास नाजूक असली तरी पायास अधिक कठीण. दोन्ही पायांस जोडणारी एक लोखंडी सळई जमिनीखालून, पायवाटेच्या फरशीआड न्यावी. प्रेक्षकास ती दिसत नाही आणि कमानीस हलू देत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात पुरलेला खांब जागेवर राहील अशी अपेक्षाच करू नये. खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा, लाकूड काँक्रीटमध्ये पुरू नये, लोखंडी बुटात जमिनीपासून वीतभर वर बसवावे. म्हणजे पाणी साचत नाही आणि वाळवीसही चढताना दिसावे लागते.

वाऱ्याच्या बाबतीत तर आमच्याकडे हंगामाचा भरवसा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या प्रदर्शनांच्या दिवसांत, मराठवाड्यावर दिवसेंदिवस गारपीट झाली हे येथील कोणीही शेतकरी विसरलेला नाही. कमानीवर ताणलेली घट्ट जाळी शिडाचे काम करते. ती सायंकाळी गुंडाळता येईल अशीच बांधावी, आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक कमानीवर टांगावयाच्या कुंड्यांच्या दुप्पट वजनाची वाळूची पोती रात्रभर टांगून पाहावीत. मोडावयाची असेल तर ती तेव्हा मोडो. जाता जाता एक गोष्ट: एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी प्यावे लागले, तेथे चार दिवसांच्या हिरवळीवर टँकर रिता करणे मला पाहवत नाही. कमानीवर दोडका, दुधी, गोकर्ण किंवा मधुमालती कुंड्यांतून चढवावी. पाणी थोडे लागते, पायाची माती कोरडी राहते, आणि शेतकऱ्यास घरी करून पाहण्याजोगे काही मिळते.

करारनाम्यात लाकडाची जात, जोडतेवेळचा ओलावा, पट्ट्यांची संख्या व जाडी, गोंदाची जात, शिकंज्यातील अवधी आणि वजनाची चाचणी या गोष्टी शब्दशः लिहाव्यात. 'उत्तम प्रतीचे काम' या शब्दांवर कोणत्याही मक्तेदारास जबाबदार धरता येत नाही. ओलावा मोजण्याचे हातात मावणारे यंत्र आता सहज मिळते. ते समितीने स्वतः विकत घ्यावे, मक्तेदाराचे वापरू नये.

राहता राहिले पंचांग. सागवानाचा बयाणा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास द्यावा, म्हणजे चिरलेल्या फळ्या मधे काठ्या देऊन, सावलीत रचून, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत वाळतात. पावसाळा त्यांनी छपराखाली काढावा. आश्विन-कार्तिकात ओलावा मोजून पट्ट्या काढाव्यात, त्याच दिवसांत जोडाव्यात, आणि कमानी साच्यावरून उतरल्यावर महिनाभर तशाच उभ्या करून ठेवाव्यात. जी फाकावयाची ती या महिन्यात फाकते आणि बदलण्यास वेळ उरतो. बांबू कार्तिकात तोडला तर माघातील प्रदर्शनास होतो, माळेगावच्या प्रदर्शनास होत नाही. तेथे आदल्या हिवाळ्याचाच हवा. ज्या समित्यांस पुढील वर्षी नमुना-बाग करावयाची आहे त्यांनी प्रदर्शनाची तारीख ठरविणाऱ्या बैठकीतच लाकडाच्या रकमेस मंजुरी द्यावी, आणि ते शक्य नसेल तर कमानीचा ठराव रद्द करून सरळ खांबांचा मांडव घालावा.